जखम भरल्यानंतर : व्यवसायोपचाराचा इतिहास आणि आपण



आपल्या भोर तालुक्यात, राजगडाच्या परिसरात, भुतोंडे नावाचे गाव आहे. शिवाजी महाराजांचे सरदार येसाजी कंक यांचे हे गाव. येसाजींनी हत्तीशी झुंज घेतल्याची कथा तुम्ही लहानपणी ऐकली असेल. वर्गात ती सांगू लागलो की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे सरकतात. पण १६८३ साली गोव्याच्या पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्यावर हल्ला केला, तेव्हा हेच येसाजी आपल्या मुलासह तो किल्ला लढवीत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. बापलेक दोघेही जखमी झाले. मुलगा कृष्णाजी पुढे त्या जखमांनीच गेला. बाप मागे राहिला.

मी इतिहास शिकवतो. लढाई कोणत्या साली झाली आणि कोणी जिंकली, हे पाठ्यपुस्तकात असते. पण त्या लढाईहून परतलेला, हात निकामी झालेला किंवा डोक्याला वार बसलेला साधा मावळा पुढची वीस वर्षे आपल्या घरात कसा जगला, भाकरी कोणत्या हाताने मोडत होता, औताला पुन्हा उभा राहिला की नाही, हे कोठेच लिहिलेले नसते. आजच्या लेखात मला या न लिहिलेल्या भागाविषयी थोडे सांगायचे आहे. कारण तो भाग आज लढाईशिवायही आपल्या घरोघरी येतो. कोणाला अर्धांगवायू होतो, कोणी वरंधा घाटात दुचाकीवरून पडतो, कोणी झाडावरून पडतो. जीव वाचतो, आणि मग पुढचे दिवस सुरू होतात.

जुन्या काळी याचा विचार कोणी केलाच नव्हता, असे मात्र नाही. नोव्हेंबर १६५९ मधील प्रतापगडच्या लढाईनंतर जखमी झालेल्यांना जखमेचे मान पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिल्याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धे वेतन चालवले, असेही सभासदाने लिहून ठेवले आहे. त्या लढाईत आपल्या रोहिडखोऱ्यातील कारीचे कान्होजी जेधे सामील होते. तेव्हा त्या होनांपैकी काही आपल्याच डोंगरांतील घरांत आले असतील, असे मानायला हरकत नाही. तिकडे कैरो शहरात सुलतान कलाऊन याने १२८४-८५ मध्ये मोठा बीमारिस्तान, म्हणजे इस्पितळ, बांधला. तेथे बरा होऊन निघणाऱ्या गरीब रुग्णाच्या हाती काही रक्कम देत असत. पोटासाठी दुसऱ्याच दिवशी कष्टाला जुंपून घ्यावे लागू नये, हा त्यामागचा विचार.

या दोन्ही गोष्टी अभिमान वाटावा अशाच आहेत. परंतु बारकाईने पाहा. होन दिल्याने जखमी माणसाला सवड मिळाली. त्या सवडीत लुळ्या हाताचे काय करायचे, हे त्याला शिकवणारे कोणी नव्हते. ते शास्त्र फार उशिरा आले, आणि आमच्या घरी तर ते त्याहूनही उशिरा आले.

येथे थोडे घरचे सांगतो. आमचे धाकटे चाचा भोरच्या बाजारपेठेत शिंपीकाम करीत. जून उजाडला की शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे त्यांच्या दुकानात छतापर्यंत लागत. २०१० च्या पावसाळ्यात एका पहाटे नमाजसाठी उठताना ते डाव्या अंगावर कोसळले. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. पुण्यातील एका इस्पितळात सतरा दिवस काढून आम्ही त्यांना घरी आणले. उसनवारी फेडायची होती, म्हणून त्यांचे पायमशीन विकायचे ठरले. अब्बा नको म्हणत होते. “आता चाचा थोडेच मशीनवर बसणार आहेत,” हे वाक्य माझे. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि घरात शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन होते. मशीन गेले.

चाचींनी सेवेत कसूर केली नाही. घास भरवणे, अंग पुसणे, सदरा घालणे, सारे त्या करीत. सेवा करावी तर अशी, असे मोहल्ल्यात सगळे म्हणत. चाचांना काही म्हणून करू दिले नाही. सात महिन्यांत डावा हात मांडीवर पडून पडून मुठीसारखा आवळला गेला. ताटात डावीकडे वाढलेले तसेच राही. आम्ही समजलो, भूक मेली. त्या काळात आमच्यापैकी कोणीही ‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकला नव्हता. पुढे ऐकला तेव्हा चाचींना वाटले, हे धंद्यासाठी कर्ज देणारे एखादे खाते असावे!

नाव फसवे आहे, हे खरे. इंग्रजीतील ऑक्युपेशनल थेरपीचे हे मराठी रूप. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे; माणूस सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत जे जे करतो ते सारे. गुडघा किती वाकतो, दंडात बळ किती, हे भौतिकोपचार पाहतो. त्या गुडघ्याने माणूस मोरीपर्यंत, चुलीपर्यंत, दुकानापर्यंत पोचतो की नाही, हे व्यवसायोपचार पाहतो. दोन्ही एकमेकांना धरून चालतात.

या शास्त्राचे एक जन्मवर्ष सांगता येते, १९१७. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी काही मंडळी जमली आणि त्यांनी या उपचाराच्या प्रसारासाठी संस्था काढली. जमवणारे जॉर्ज बार्टन हे डॉक्टर नव्हते. ते घरांचे आराखडे काढणारे वास्तुशिल्पी होते. त्यांना क्षय झाला होता, एका पायाचा भाग कापावा लागला होता आणि डावे अंग लुळे पडले होते. बागकाम आणि सुतारकाम करीत त्यांनी आपले अंग पुन्हा कामाला लावले, आणि जे आपल्याला जमले ते इतरांना का जमू नये, असा प्रश्न विचारला. म्हणजे या शास्त्राच्या पायाशी एक रुग्णच उभा आहे.

योगायोग असा की त्याच १९१७ साली आपल्याकडे लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना हातकाम शिकवून पायावर उभे करणारी ही शाळा. ती पुढे पुण्याजवळ खडकीला आली. मावळातून आणि साताऱ्याकडून फौजेत माणसे जातच होती. जखमी होऊन परतणाऱ्यांना आता होनांबरोबर हुन्नरही मिळू लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठीचे केंद्र खडकीतच १९७४ साली निघाले. पुण्याला जाता-येता आपण या भागावरून कितीदा तरी गेलो असू.

सैनिकांची सोय झाली. पण साध्या घरातल्या मुलाचे काय? हा प्रश्न मुंबईतील एका आईने विचारला. विद्यार्थिनींनो, हे नाव तुम्ही वहीत लिहून ठेवा: फातेमा इस्माईल. मुंबईचे गिरणीमालक आणि राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्ते उमर सोबानी यांच्या या भगिनी. स्वतःही स्वातंत्र्यलढ्यात होत्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. ताप उतरला, पाय लुळे राहिले. आता काही होणे नाही, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत. पण ही आई मुलीला घेऊन मद्रासचे अस्थितज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्यापर्यंत गेली. चिकाटीने उपचार चालवले, आणि मुलगी सुधारू लागली. येथवरची गोष्ट अनेक आयांची असू शकेल. त्यांचे वेगळेपण पुढे आहे. आपली मुलगी सुधारली, मग ज्यांना मद्रासचे भाडे परवडत नाही त्यांच्या मुलांनी काय करायचे, म्हणून त्यांनी १९४७ साली अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. देशात फाळणीचा वणवा पेटलेला होता, आणि मुंबईत ही बाई सर्व जातीधर्मांच्या मुलांच्या पायांचा विचार करीत होती! १९५२ च्या सुमारास हाजीअलीजवळ मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. त्याच हाजीअलीच्या परिसरात १९५५ मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था निघाली. तेथे आजही देशभरातून रुग्ण येतात.

दुसरे नाव कमला निंबकर. या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी, क्वेकर पंथातल्या. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली त्या भारतात आल्या आणि कमला झाल्या. येथील इस्पितळांत रुग्ण बरा झाला की खाटेवरून उठवून घरी पाठवतात, पुढचे कोणी पाहत नाही, ही गोष्ट त्यांना खटकली असावी. चाळिशी उलटून गेल्यावर त्या परत अमेरिकेला जाऊन हा उपचार शिकल्या. चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थी होणे किती अवघड आहे, हे आमच्यासारख्या शिक्षकांना विचारा. आम्हाला दहा दिवसांचे प्रशिक्षण शिबिरसुद्धा जड जाते. परत येऊन १९५० साली त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. साऱ्या आशिया खंडातील ही पहिली शाळा मानली जाते. १९५२ साली अखिल भारतीय संघटना निघाली. त्याच वर्षी या शास्त्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. १९७९ साली कमलाबाई वारल्या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाचे बालभवन आहे. तेथील शिक्षणाच्या प्रयोगांविषयी शिक्षकांत बरेच बोलले जाते, पण ज्यांचे नाव त्या शाळेला आहे त्या कमलाबाईंचे हे काम आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे अंग गेले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री दिली गेली. अर्थात प्रत्येकाला पदक मिळत नाही, आणि या उपचाराचा उद्देशही तो नाही. आमच्या चाचांच्या बाबतीत प्रश्न भाताच्या घासाचा होता.

सात महिन्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही त्यांना पुण्यात व्यवसायोपचाराच्या विभागात नेले. समोर माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. तिने आधी कागदपत्रे पाहिली नाहीत. चाचांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून तिने विचारले, “चाचा, तुम्ही काम काय करत होता?” चाचांनी मान वर केली. “टेलर.” कॉलर कशी बसवता, काज हाताने करता की मशीनवर, असे ती विचारत गेली. सात महिने ‘हो-नाही’वर असलेला माणूस पाव तास बोलत होता. त्या सात महिन्यांत आम्ही त्यांना औषध घेतले का, जेवलात का, एवढेच विचारले होते.

मग तिने ताटाचा उलगडा केला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कधी कधी माणसाचे डावीकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण मेंदू ती बाजू हिशेबात धरत नाही. चाचांची भूक मेली नव्हती. डावीकडचा भात त्यांच्या लेखी तेथे नव्हताच. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा, जेवताना आधी ती पट्टी शोधायला सांगा, आणि तुम्ही सर्वांनी डावीकडून बोला, असे तिने सांगितले. सदरा घालताना अधू हाताची बाही आधी, काढताना चांगल्या हाताची आधी. उठवताना लुळा हात धरून कधीही ओढायचा नाही, खांदा निखळतो.

शेवटी तिने विचारले, “घरी मशीन आहे ना? पायमशीन म्हणजे यांच्यासाठी औषध आहे. पाय चालेल, आणि डावा हात कापड धरायला लागेल.”

चाचींनी माझ्याकडे पाहिले नाही. मी जमिनीकडे पाहत होतो.

यामागचे शास्त्र समजून घ्या, कारण ते तुमच्या घरीही उपयोगी पडेल. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. परंतु आसपासचा भाग ते काम शिकू शकतो, आणि ते काम करूनच तो शिकतो. पहिल्या काही महिन्यांत हे शिकणे वेगाने होते, नंतर मंदावते, पण थांबते असे नाही. हात वापरला नाही तर मेंदू त्याला विसरत जातो. एडवर्ड टॉब या अमेरिकन संशोधकांनी तर चांगला हात काही काळ बांधून ठेवून अधू हाताला कामाला लावण्याची रीत काढली. ज्यांच्या अधू हातात थोडी हालचाल शिल्लक आहे त्यांनाच ती चालते, आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय घरी करून पाहायची नाही. पण त्यातले तत्त्व आमच्या लक्षात आले. आम्ही प्रेमापोटी चाचांचा डावा हात सात महिने सुटीवर पाठवला होता.

डोक्याला मार लागलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. हातपाय धड असतात, म्हणून सगळ्यांना वाटते की बरा झाला. पण सांगितलेले लक्षात राहत नाही, एका वेळी दोन कामे झेपत नाहीत, राग लवकर येतो, दुपारपर्यंत थकवा येतो. अपघातानंतर शाळेत परतलेल्या अशा एका मुलाला मी वर्गात आळशी म्हटले आहे. तसे म्हणणारा मी एकटाच शिक्षक नसेन. पालकांनो, तुमच्या मुलाला असा मार लागला असेल तर आम्हा शिक्षकांना येऊन स्पष्ट सांगा. अशा मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी, दिवसाचा क्रम ठरलेला असावा, करायच्या गोष्टी छोट्या वहीत लिहून ती खिशात ठेवावी, आणि सुरुवातीला अर्धा दिवसच शाळा असावी. हेही व्यवसायोपचारच आहेत.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सारे पुण्यामुंबईचे झाले. खरे आहे. वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीतून रुग्णाला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यायचे, गाडीने नसरापूर, तेथून पुणे, आणि तेही आठवड्यातून तीनदा! रोजंदारी बुडवून कोण करील? आमचेही महिन्यातून एकदाच जाणे होई. मात्र त्या मुलीने एक गोष्ट सांगितली ती आपल्या भागासाठी फार मोलाची आहे. तिच्या खोलीत लाकडी ठोकळे, खुंट्या, रंगीत मणी अशी साधने होती. त्यांच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “तुमच्या घरी याहून चांगली साधने आहेत.” तांदूळ निवडणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कणीक मळणे, दोर वळणे, ओला पंचा दोन्ही हातांनी पिळून दोरीवर टाकणे. प्रत्येक कामात बोटे, मनगट, खांदा यांना काहीतरी करावेच लागते. कोणते काम, किती वेळ, कसे बसून, हे मात्र तज्ज्ञाकडून एकदा नीट समजून घ्यावे लागते. महिन्याची ती एक फेरी टाळू नका. चाचांनी आपण होऊन एक काम मागितले होते, वुजू स्वतः करण्याचे. त्यासाठी मोरीत एक उंच पाट आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवली. खर्च फारसा आला नाही.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनाही यात वाट आहे. बारावीला शास्त्र शाखेत जीवशास्त्र घेऊन, नीट परीक्षेतून या विषयाच्या पदवीला प्रवेश मिळतो. मुंबईत के.ई.एम., नायर आणि सायन येथे, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. एम.बी.बी.एस. मिळाले नाही म्हणून नाइलाजाने जाण्याची ही जागा आहे असे समजू नका. ज्या पोलिओमुळे फातेमाबाई घराबाहेर पडल्या, त्या पोलिओतून भारत मुक्त झाल्याचे २०१४ साली जाहीर झाले. अर्धांगवायू आणि रस्त्यावरचे अपघात मात्र चालूच आहेत. भोर-वेल्ह्याच्या घरांत बसून आपल्या बोलीत रुग्णाशी आणि त्याच्या आईशी बोलू शकेल अशी एखादी मुलगी आपल्या शाळेतून निघाली, तर पुण्याच्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

चाचांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दीड वर्षाने आम्ही एक जुने पायमशीन विकत घेतले. पहिले काही परत मिळाले नाही. सदरा त्यांना पुन्हा शिवता आला नाही. बाजाराच्या पिशव्या शिवत, उशांचे अभ्रे शिवत, डाव्या हाताने कापड धरत. तो हात पूर्वीसारखा कधीच झाला नाही. पिशव्यांची डावीकडची शिवण बहुतेक वेळा वाकडी जाई. चाची ती गुपचूप उसवून ठेवत आणि चाचा ते ओळखून रागावत. २०२१ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. शेवटच्या आजारापर्यंत ते आपल्या हाताने जेवत होते.

ते मशीन आमच्या ओसरीवर आहे. चालू स्थितीत आहे, पट्टा नवा घातला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि तज्ज्ञांनी पायमशीन चालवायला सांगितले असेल, तर शाळेत माझ्यासाठी निरोप ठेवा आणि घेऊन जा.